छापलेली कूर्चा आणि हंड्याखालचा गुडघा

बाजारच्या दिवशी आमच्या बाह्यरुग्ण विभागात गुडघे जास्त येतात. कारण साधे आहे. त्या दिवशी पाड्यांवरून जिपा भरून निघतात, मीठ-मिरची आणि तेल न्यायचे असते, त्याच फेरीत दवाखानाही उरकून घेतला जातो. नुसत्या गुडघ्यासाठी पन्नास रुपये भाडे खर्च करून कोणी येत नाही.

अशाच एका दिवशी मोखाड्याकडच्या पाड्यावरची एक बाई नातवाला घेऊन आली. कागदावर वय ५८. अंगाने काडी, पण दोन्ही पाय गुडघ्यांतून बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखे बाकलेले. नातू जव्हारला कॉलेजात जातो. त्याने मोबाइल पुढे केला. चित्रफितीत काचेच्या पेटीतली एक सुई पांढरट जेलीचे थरावर थर देत होती आणि खाली इंग्रजीत लिहिले होते की हा उद्याचा गुडघा आहे. आजी म्हणाली, “डाक्टर, पोरगा सांगतो मशीन नवा गुडघा छापतं. तुझ्याकडं हाय का ती मशीन?”

(आमच्या भागात डॉक्टरला, तहसीलदाराला, कलेक्टरलाही ‘तू’च म्हणतात. नवीन आलेले काही सहकारी पहिल्या आठवड्यात दुखावतात. नंतर त्यांना ते आवडू लागते.)

मी म्हटले, “नाही, आजी.” तिने विचारले, “मग कुठं हाय?” त्यावर मी काहीतरी गुळमुळीत बोललो, मलम आणि गोळ्या लिहून दिल्या आणि पुढचा कागद ओढला. प्रश्न मात्र डोक्यात राहिला. पांढऱ्या कोटातल्या माणसाला इतका सरळ प्रश्न विचारला की त्याचे उत्तरही सरळ द्यायला हवे. ते मला त्या दिवशी जमले नाही, म्हणून हा लेख.

आधी हे झिजते काय ते पाहू. गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जिथे भेटतात तिथे दोघांच्या टोकांवर गुळगुळीत, निळसर पांढरा थर असतो. ती कूर्चा. लोक तिला ‘गादी’ म्हणतात, आणि एक्स-रेमध्ये ती दिसत नसल्याने डॉक्टर ‘गॅप कमी झाला’ म्हणतात. जाडी दोन ते चार मिलिमीटर, वाटीच्या मागे थोडी जास्त. तिचा बहुतांश भाग पाणी, त्याला धरून ठेवणारे कोलॅजनचे जाळे, आणि त्यात विखुरलेल्या मोजक्या पेशी. तिला रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. म्हणून ती दुखत नाही आणि म्हणूनच ती भरूनही येत नाही. कातडी कापली तर रक्त येते, खपली धरते, जखम भरते. कूर्चेला रक्तच नाही, तर डागडुजीचे सामान पोहोचवणार कोण? लंडनच्या विल्यम हंटर यांनी १७४३ मध्ये रॉयल सोसायटीसमोर हेच मांडले होते की कूर्चा एकदा गेली की परत येत नाही. पावणेतीनशे वर्षांत आपण त्यांना पुरते खोटे पाडू शकलेलो नाही.

थोडे मात्र पाडले आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी रुग्णाच्याच गुडघ्यातून कूर्चेचा कण काढला, प्रयोगशाळेत त्यातल्या पेशी वाढवल्या आणि खड्डा पडलेल्या जागी परत सोडल्या. त्यांचे पहिले २३ रुग्णांचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. मांडीच्या हाडावर खड्डा असलेल्या १६ जणांपैकी १४ जणांना चांगला गुण आला, वाटीखाली खड्डा असलेल्या सातांपैकी दोघांनाच. त्याच पद्धतीची सुधारलेली आवृत्ती, म्हणजे पेशी पडद्यावर पेरून तो पडदा चिकटवणे, अमेरिकेत २०१६ मध्ये मान्य झाली. आपल्याकडे २०१७ मध्ये मुंबईच्या रिग्रो बायोसायन्सेसच्या अशाच पेशी-उपचाराला औषध महानियंत्रकांनी परवानगी दिली. २०२२ मध्ये बंगळूरुच्या स्टेमप्युटिक्स कंपनीच्या, दात्याच्या अस्थिमज्जेतून वाढवलेल्या मूळपेशींच्या इंजेक्शनला मध्यम झिजेच्या गुडघ्यांसाठी मान्यता मिळाली. म्हणजे हे क्षेत्र काही हवेतले नाही.

बायोप्रिंटिंग ही त्यापुढची पायरी. जिवंत पेशी एका मऊ जेलीत मिसळायच्या. तिला जैवशाई म्हणतात. एमआरआयवरून रुग्णाच्या खड्ड्याचा नेमका आकार संगणकाला द्यायचा आणि सुईने थरावर थर रचत तो आकार उभा करायचा. जिलेबी पाडणाऱ्याचा हात आणि संगणकाची अचूकता, असे समजा. या कामात आपले लोकही आहेत. दिल्लीच्या आयआयटीत प्राध्यापक सौरभ घोष यांचा गट रेशमातल्या प्रथिनापासून कूर्चेसाठी जैवशाई बनवतो. गुवाहाटीच्या आयआयटीत प्राध्यापक बिमन मंडल तुतीच्या आणि आसामच्या मुग्यासारख्या रेशमांवर असेच काम करतात. बाहेर अमेरिकन सरकारच्या एका संशोधन संस्थेने झिजलेले सांधे पुन्हा जिवंत ऊतींनी उभे करण्याचा कार्यक्रमच आखला असून, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाला २०२४ मध्ये त्यासाठी ३.९ कोटी डॉलरपर्यंत निधी जाहीर झाला. पेशींपासून छापलेला अख्खा जिवंत गुडघा हे त्यांचे उद्दिष्ट आहे. त्या नातवाच्या मोबाइलवरची चित्रफीत अशाच कुठल्या तरी कामाची असावी.

मग अडते कुठे? छापणे ही त्यातली सोपी गोष्ट आहे. पेशींना मऊ जेली आवडते आणि गुडघ्याला टणक कूर्चा लागते. मऊ केले तर भाराखाली चिरडते, टणक केले तर सुईतून जाताना आणि नंतरही पेशी गुदमरतात. शिवाय खरी कूर्चा वरपासून खालपर्यंत एकसारखी नसते. वरच्या थरात कोलॅजनचे धागे आडवे पसरलेले, खाली उभे, आणि तळाशी ती हाडात मुरलेली. हे मुरणे यंत्राला जमत नाही. वाढवलेल्या पेशी कधीकधी कूर्चा बनवता बनवता हाड बनवू लागतात, किंवा व्रणासारखी धागेदार, कमी दर्जाची कूर्चा तयार करतात. प्रयोगशाळेतल्या बशीत आणि सशाच्या गुडघ्यात चांगले निकाल आलेले आहेत. पण दिवसभर चालणाऱ्या, चढणाऱ्या माणसाच्या झिजलेल्या गुडघ्यात छापलेली कूर्चा दहा वर्षे टिकली, असे आज कोणी दाखवू शकत नाही. झिजेच्या गुडघ्यासाठी अशा छापील कूर्चेला आपल्या देशात आजतरी परवानगी नाही.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे आणि ती जाहिरातीत कधी सांगत नाहीत. १९९४ चे ते रुग्ण आणि या आजीबाई यांच्यात फार फरक आहे. ते तरुण होते, फुटबॉल खेळताना किंवा पडून कूर्चेत एखादा खड्डा पडलेला, बाकी गुडघा निरोगी. अमेरिकेतली मान्यताही कूर्चेत असे खड्डे पडलेल्या प्रौढ गुडघ्यांसाठीच आहे. झिजेच्या संधिवातात एकच खड्डा नसतो. आतले अस्तर सुजलेले, चकती फाटलेली, खालचे हाड कठीण झालेले, कडांना काटे आलेले, स्नायू वाळलेले आणि पाय बाकलेला असतो. सगळा भार गुडघ्याच्या आतल्या अर्ध्या भागावर पडत असतो. बांध फुटून माती वाहून गेलेल्या खाचरात कोणी नवी रोपे लावली, तर आमच्याकडचा शेतकरी त्याला आधी बांध घाल म्हणेल. त्या बाकलेल्या पायात नवी कूर्चा ठेवली, तर जुनी ज्या कारणाने गेली त्याच कारणाने तीही जाणार.

जुनी कशाने गेली? शहरातल्या माझ्या मित्रांच्या दवाखान्यात या प्रश्नाचे उत्तर बहुधा वजनकाट्यावर सापडते. इथे नाही. ‘वजन कमी करा’ हे संधिवाताच्या प्रत्येक पुस्तकातले पहिले वाक्य मी या दोन तालुक्यांत क्वचितच उच्चारले असेल. चाळीस-पंचेचाळीस किलोच्या बाईला ते सांगायचे तरी कोणत्या तोंडाने?

ज्यांच्या कृत्रिम गुडघ्यात भार मोजणारे संवेदक बसवले होते, अशा रुग्णांवर बर्लिनमध्ये मोजमापे झाली आहेत. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीचपट भार येतो, जिना उतरताना साडेतीनपट. आता हा कच्चा हिशेब करून पाहा. ४५ किलोची बाई, डोक्यावर हंडा आणि त्यावर कळशी मिळून २० किलो. दोन्ही मिळून ६५. ती पाणी घेऊन उतार उतरते तेव्हा एकेका पावलाला गुडघ्यावर सव्वादोनशे किलोच्या आसपास भार येतो. जव्हार-मोखाड्यात पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो, पण डोंगरउताराचे पाणी थांबत नाही आणि फेब्रुवारी-मार्चपासून विहिरी तळ दाखवू लागतात. मे महिन्यात टँकर येतात. याच मोखाड्यात मध्य वैतरणा धरण आहे आणि त्याचे पाणी मुंबईला जाते. हे वाक्य इतक्या वेळा लिहिले गेले आहे की ते वाचून आता कोणाला काही वाटत नाही, पण माझ्या टेबलासमोर ते गुडघ्याच्या रूपात येऊन बसते.

मग आवणीचे दिवस. वाकून, चिखलात पाय रोवून भाताची रोपे लावायची. नाचणी-वरईची उतारावरची शेती. जळणाची मोळी. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर, तिथे दिवसभर उकिडवे बसून विटा पाडणे. चीनमध्ये बीजिंगच्या म्हाताऱ्या बायकांचे गुडघे अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या गोऱ्या बायकांच्या गुडघ्यांशी ताडून पाहिले, तेव्हा अंगाने बारीक असूनही बीजिंगच्या बायकांत गुडघ्यांची झीज जास्त निघाली. तरुणपणी तासन् तास उकिडवे बसणाऱ्यांत ती अधिक होती, असे पुढे त्याच अभ्यासातून दिसले. याचा अर्थ उकिडवे बसणे वाईट असा नाही. भार, तास आणि विश्रांतीचा अभाव यांचा तो एकत्र परिणाम आहे.

इथे एक आडवळण घेतो, कारण ते महत्त्वाचे आहे. तरुण मुलगा गुडघा दुखतो म्हणून आला तर आमच्या भागात आधी खुबा तपासावा आणि सिकलसेलची चाचणी करावी. सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाडच मरते आणि दुखणे गुडघ्यात जाणवते. अशा मुलांना महिनोन् महिने गुडघ्याचे मलम चोळताना मी पाहिले आहे. २०२३ पासून सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे, तपासणीचे कार्ड घरात असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आता बाजाराकडे येतो. कारण ती आजी ज्या दिवशी आली त्याच्या काही महिने आधीच दुसरे एक कुटुंब माझ्याकडे येऊन गेले होते. वडिलांच्या गुडघ्यांसाठी त्यांनी शहरातल्या एका दवाखान्यात ‘पेशींची’ तीन इंजेक्शने घेतली होती. कसल्या पेशी, कुणाच्या, कुठे वाढवलेल्या, हे एकाही कागदावर नव्हते. पावतीवर नुसते ‘प्रोसिजर’. दोन बैल गेले. सहा महिन्यांनी गुडघे होते तसेच होते. मुलगा म्हणाला, पुढच्या वेळी प्रिंटिंगवाले घ्या असे त्यांनी सुचवले आहे. विज्ञान प्रयोगशाळेत असतानाच त्याचे नाव बाजारात पोहोचते, ते असे.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतील प्रत्यारोपण सोडले, तर मान्यता नसलेला मूळपेशींचा कुठलाही वापर नोंदणीकृत चाचणीबाहेर अनैतिक ठरतो. आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. कोणी ‘प्रायोगिक उपचार’ म्हणून पैसे मागत असेल तर या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. मान्यता मिळालेले उत्पादन असेल तर त्याचे नाव, परवान्याचा तपशील आणि बॅच क्रमांक मागा. द्यायला खळखळ झाली की उठून चालू लागा.

हे मी मोठ्या रुबाबात सांगतो आहे, पण माझेही हात स्वच्छ नाहीत. नोकरीच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत मी गुडघ्यात स्टिरॉइडची इंजेक्शने सढळ हाताने दिली. रुग्ण दुसऱ्या दिवशी हसत चालायचा, मलाही बरे वाटायचे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचा निकाल आला. दर तीन महिन्यांनी असे दोन वर्षे इंजेक्शन दिलेल्यांची कूर्चा खाऱ्या पाण्याचे इंजेक्शन दिलेल्यांपेक्षा जास्त झिजली आणि दुखण्यात शेवटी फरक नव्हता. ज्यांना मी वर्षातून तीन-चारदा ती सुई दिली, त्यांचे चेहरे मला आठवतात. दुसरे उदाहरण २००२ चे. ह्यूस्टनमध्ये १८० रुग्णांपैकी काहींचा गुडघा दुर्बिणीने धुऊन साफ केला, काहींना नुसत्या वरवरच्या चिरा दिल्या. दोन वर्षांनी दोघांचे दुखणे सारखेच. त्याआधी जगभर ती शस्त्रक्रिया भरवशाने केली जात होती. गुडघ्याचे दुखणे चढ-उताराचे असते, आणि खर्च करून, सुई टोचून घेऊन आलेल्या माणसाला काही काळ बरे वाटतेच. त्यामुळे ‘माझ्या शेजाऱ्याला फरक पडला’ हा पुरावा इथे इतर आजारांपेक्षाही कमी कामाचा आहे.

मग मी या संशोधनाच्या विरोधात आहे का? माझा पुतण्या अभियंता आहे, तो मला असेच विचारतो. नाही. मी शिकत होतो तेव्हा मोतीबिंदूनंतर जाड भिंगाचा चष्मा मिळायचा. डोळ्यात बसवायचे भिंग ही श्रीमंतांची चैन होती आणि आदिवासी भागात ते कधी पोहोचेल असे वाटत नव्हते. १९९२ मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडलेल्या ऑरोलॅबने ती भिंगे इथेच बनवायला घेतली, किंमत आयात भिंगाच्या छोट्या अंशावर आली आणि आज पाड्यावरची म्हातारी शिबिरात जाऊन ते बसवून येते. तंत्र महाग असते म्हणून ते गरिबाचे नाही, असे म्हणणारे तेव्हाही चुकले होते.

पण मला त्याहून जयपूर फूटची गोष्ट जवळची वाटते. साठच्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद प्रमोद करण सेठी यांनी तो पाय घडवला. त्याआधीचे परदेशी कृत्रिम पाय वाईट नव्हते, ते फक्त बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी बनवले होते. आपला माणूस अनवाणी चालतो, मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, चिखलात उतरतो. तो पाय या माणसाकडे बघून बनला, म्हणून चालला.

छापील कूर्चेबद्दल माझे म्हणणे नेमके हे आहे. ती बनवणाऱ्या आपल्या संस्थांनी आताच ठरवावे की कसोटी कोणती. परदेशी चाचण्यांत यश मोजतात ते जिना, फिरणे आणि खुर्चीवरून उठणे यांवर. आमच्या रुग्णाचे यश म्हणजे उकिडवे बसता येणे, आवणीला उभे राहणे, उतारावरून ओझे आणणे. हा भार सोसणारी कूर्चा हवी असेल, तर तो भार प्रयोगशाळेतल्या यंत्रावर पहिल्या दिवसापासून लावायला हवा. आणि शस्त्रक्रियेनंतरचे वेळापत्रकही बघायला हवे. आजच्या पेशी-उपचारानंतर सहा ते आठ आठवडे पायावर पूर्ण भार द्यायचा नसतो, कुबड्या लागतात, जड काम वर्षभर नाही. ज्या बाईचे पाणी तीच आणते तिच्यासाठी हे वेळापत्रक कुणी लिहिले?

चाचण्यांत आमचे लोक हवेत, असे मी म्हणतो तेव्हा अंगावर काटाही येतो. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या लशीचा जो प्रकल्प झाला, त्यात आश्रमशाळांतल्या मुलींच्या संमतीपत्रांवर वॉर्डनच्या सह्या निघाल्या. लस चांगली आहे, ती आपल्या मुलींना द्यावी, पण ती देण्याची रीत वाईट होती आणि २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला. म्हणून आदिवासी रुग्णाला चाचणीत घ्यायचे तर त्याच्या बोलीत समजावून, नको म्हणण्याची मोकळीक ठेवून, आणि यशस्वी झाल्यास तोच उपचार त्याच्या तालुक्याला परवडेल अशा किमतीची लेखी हमी देऊन. या तिसऱ्या अटीवर बैठकीत बहुतेक जण खाली बघतात.

तोवर काय? गुडघा पुरता गेला असेल तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया हा आज सिद्ध झालेला उपाय आहे. २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींना लगाम घातला आणि नेहमी वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपयांवर आला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही सांधे बदलण्याच्या शस्त्रक्रिया आल्या. पण पैसा सुटला तरी गाठ सुटत नाही. नाशिक ८० किलोमीटरवर, मुंबई त्याच्या पावणेदोनपट. सोबत कोण जाणार, शेळ्या कोण बघणार? परत आल्यावर ‘खाली बसू नका, उकिडवे बसू नका’ हा सल्ला जमिनीवर जगणाऱ्या घरात पाळायचा कसा? शस्त्रक्रियेच्या पैशांबरोबर घरी एक उंच खुर्ची आणि शौचालयात बसण्याची सोय योजनेनेच द्यावी. खर्च फार नाही.

त्याआधीच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी, आणि तेच बहुसंख्य आहेत, सर्वांत चांगले औषध मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आहे. तो महिनोन् महिने नीट केला तर वेदनाशामक गोळ्यांइतका आराम मिळतो, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे, आणि त्याने मूत्रपिंड खराब होत नाही. गोळ्यांनी होते. बाजारात दुकानातून सुट्या मिळणाऱ्या दुखण्याच्या गोळ्या वर्षानुवर्षे रोज खाऊन सुजलेल्या चेहऱ्याने आलेले रुग्ण आम्ही सगळ्यांनी पाहिले आहेत. पण ‘व्यायाम करा’ असे ओरडून सांगणे म्हणजे व्यायाम शिकवणे नव्हे. त्यासाठी फिजिओथेरपिस्ट लागतो. ज्येष्ठांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात २०१०-११ पासून खालच्या रुग्णालयांपर्यंत पुनर्वसनाची सोय कागदावर आहे. माझी मागणी एवढीच की प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात तो माणूस रोज बसलेला दिसावा आणि आठवड्यातून दोनदा बाजाराच्या गावी जावा. छापील कूर्चा जेव्हा येईल तेव्हाही तिच्यामागे हाच माणूस लागणार आहे. त्याच्याविना ती महिन्यात फुकट जाईल.

आणि नळ. पाणी दाराशी आले तर या भागातल्या पुढच्या पिढीचे किती गुडघे वाचतील, याचा अभ्यास कोणी केलेला मला माहीत नाही. पण पंचवीस वर्षे गुडघे दाबून बघितल्यावर एवढे मत बाळगायचा हक्क मी घेतो.

ती आजी दोन महिन्यांनी परत आली. या वेळी मी तिला सरळ सांगितले: मशीन आहे, पण अजून गुडघ्याला लागू होत नाही, आणि होईल तेव्हा आधी पोरांच्या गुडघ्यांना होईल, तुझ्या नाही. तिने मान हलवली. वाईट वाटले की नाही ते कळले नाही. मग पडवीच्या ओट्यावरून हात न टेकता उठायचे-बसायचे कसे, आडवे पडून गुडघ्याखाली घडी घातलेली घोंगडी दाबायची कशी, हे तिला करून दाखवले. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूला धरली होती, ती दुसऱ्या हातात दिली. तिला ते उलटे वाटले. दारापर्यंत जाऊन वळली आणि म्हणाली, “आता बरं पडतं.”

पाणी कोण आणते, असे मी विचारले. नातू मोटारसायकलला दोन कॅन बांधून आणतो म्हणाली. त्याचे कॉलेज पुढच्या वर्षी संपेल, मग तो कामाला भिवंडीला जाणार आहे.